तार जिथे संपते तिथून पुढे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. फळ्यावरचं सूत्र वर्गाबाहेर कुठे भेटतं हे दाखवल्याशिवाय ते तास संपवत नसत, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. त्यांना आवडला असता असा विषय मी आज निवडला आहे. घरापर्यंत, शाळेपर्यंत, शेताच्या बांधापर्यंत इंटरनेट पोचतं कसं, तारेनं की बिनतारी, आणि पोचत नाही तेव्हा अडतं कुठे?

मोबाईलच्या कोपऱ्यातल्या दांड्या पाहून आपण म्हणतो, ‘रेंज नाही.’ त्यामुळे अशी समजूत होते की सगळा प्रवास हवेतूनच चालतो. प्रत्यक्षात हवेतला टप्पा असतो तो फोनपासून जवळच्या मनोऱ्यापर्यंतचा. शहरात काहीशे मीटर, खेड्यात काही किलोमीटर. मनोऱ्यापासून पुढे, कधी डिशच्या एकदोन उड्या मारून, संदेश काचेच्या तंतूत शिरतो आणि जमिनीखालून धावू लागतो. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्रतळावरून आलेल्या केबली जमिनीवर चढतात. परदेशातल्या माणसाशी आपण जे बोलतो, त्याला जे पाठवतो, ते जवळजवळ सगळं अशाच केबलींमधून जातं. १९७१ साली नारायणगावजवळ आर्वीला सुमारे ३० मीटर व्यासाची प्रचंड थाळी उभी राहिली, तेव्हा परदेशाशी बोलण्याचा राजमार्ग उपग्रहाचा होता. तो मान पुढे काचेनं घेतला.

म्हणून तारेचं चांगलं की बिनतारी चांगलं, हा वाद मला मुळातच चुकीचा मांडलेला वाटतो. प्रत्येक बिनतारी जोडणीच्या मागे थोड्या अंतरावर तार असतेच. तार कुठपर्यंत न्यायची, कुठे थांबवायची, आणि ती जिथे थांबते त्या टोकाची काळजी कोणी घ्यायची, हे ठरवायचं असतं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की आपण तार बरीच लांब नेली, पण टोकाची काळजी घ्यायचं राहून गेलं. हे पटवून द्यायचं तर आधी तांबं, काच आणि हवा या तिघांची प्रकृती समजून घ्यावी लागेल.

आधी तांबं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं आपल्याकडे सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते टेलिफोनच्या तारेवरून. संगणकानं फोन लावायचा, मोडेमची किरकिर ऐकत थांबायचं आणि सेकंदाला ९,६०० बिट एवढ्या वेगावर समाधान मानायचं. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं खातं होतं, त्यात पडद्यावर फक्त अक्षरं दिसत. तरीही ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना विचारा, पहिलं ईमेल परदेशी पोचल्याचं उत्तर आलं तेव्हा काय वाटलं होतं!

वेग कमी होता यात तारेचा दोष फार नव्हता. माणसाचं बोलणं साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यात मावतं, म्हणून टेलिफोनच्या व्यवस्थेत त्याच्या वरचं सगळं गाळून टाकत. तांब्याची जोडी त्याहून कितीतरी जास्त वाहू शकते. डीएसएल तंत्रानं नेमका हाच मोकळा पट्टा वापरला. बोलणं खालीच राहू दिलं आणि वरचा १.१ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा २५६ बारीक चाकोऱ्यांत वाटून त्यांवरून माहिती सोडली. ज्या चाकोरीत खरखर जास्त तिथे कमी माहिती, जिथे कमी तिथे जास्त, असा हिशेब मोडेम स्वतःच करतं. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलनं ही सेवा आणली. फोनही चालू आणि नेटही चालू, याचं तेव्हा घराघरांत अप्रूप होतं. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान २५६ किलोबिट असं ठरलं होतं. ती व्याख्या २ मेगाबिटवर यायला २०२३ उजाडावं लागलं.

तांब्याला अंतर सोसत नाही. एक्स्चेंजच्या शेजारच्या घराला सुधारित डीएसएलवर २४ मेगाबिटपर्यंत मिळू शकतात. पाच किलोमीटरवरच्या घरी त्यातले एकदोनच उरतात. त्यात पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की संपलंच. पण आपल्याकडे तांबं मागे पडलं त्याचं मोठं कारण वेगळं आहे. अमेरिकेत आणि युरोपात विसाव्या शतकातच बहुतेक घरी टेलिफोनची, अनेक ठिकाणी केबल टीव्हीचीही तार पोचलेली होती. ब्रॉडबँडला तिथे रस्ता आयता मिळाला. भारतात तारेचे फोन सगळ्यात जास्त होते तेव्हा, म्हणजे २००६ च्या सुमारास, त्यांची संख्या ५ कोटींच्या घरात होती. शंभर कोटींहून मोठ्या देशात! खेड्यात तांबं बहुतांशी गेलंच नाही, आणि आपण ती पायरी गाळून थेट हवेत उडी घेतली. २०२४ च्या अखेरीस दूरसंचार नियामक ट्रायच्या हिशेबात देशात सुमारे ९४ कोटी ब्रॉडबँड जोडण्या होत्या. त्यांत तारेच्या साधारण ४ कोटी. बाकी सगळा भार हवेवर आहे.

आता काच. १९५४ साली, पंजाबातल्या मोग्याला जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॉपकिन्स यांनी लंडनमध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं. पण अंतर हातभर. लांबचा संदेश काचेतून न्यायचा विचार तेव्हा कोणी गंभीरपणे करत नव्हतं, कारण त्या काळच्या काचेत वीस मीटर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा भाग उरे. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेतून चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की हा दोष काचेचा नाही, काचेत राहिलेल्या लोखंडासारख्या अशुद्धींचा आहे. त्या काढल्या तर एक किलोमीटरनंतर शंभरावा भाग उरेल, आणि तेवढा उरला तरी दूरसंचाराला पुरेसा आहे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या तीन शास्त्रज्ञांनी तशी काच ओढून दाखवली. आज रस्त्याकडेच्या चरात जो तंतू पुरलेला असतो, त्यात तोच शंभरावा भाग शंभर किलोमीटरनंतर उरतो. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं. माझ्या मते विसाव्या शतकात निम्म्या जगाचं रोजचं जगणं बदलणारे जे मोजके निबंध लिहिले गेले, त्यांत हा फार वरचा आहे. आणि त्यात नवा पदार्थ शोधलेला नाही. हाताशी असलेला पदार्थ स्वच्छ करा, एवढंच सांगितलेलं आहे.

या काचेशी प्रत्यक्ष व्यवहार कसा होतो ते थोडं जवळून सांगतो. तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्यातही प्रकाश चालतो तो मधला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनांचा. केबल तुटली की जोडणारा मुलगा रस्त्याकडेला गाडीच्या आडोशाला यंत्र मांडून बसतो. वारा आणि धूळ हे त्याचे शत्रू. केबलचं काळं वेष्टन सोलायचं, आतला चिकट जेल पुसायचा, तंतू रंगावरून ओळखायचे: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, असा पुढे बारापर्यंत ठरलेला क्रम. तंतूवरचा रंगाचा थर सोलून काढायचा, तंतू अल्कोहोलनं पुसायचा आणि क्लीव्हरवर टोक अगदी काटकोनात कापायचं. कापलेला तुकडा डोळ्यांना नीट दिसत नाही, पण कातडीत शिरला तर निघता निघत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा आठवणीनं डबीत टाकायचा. मग दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवायची. यंत्र गाभ्यासमोर गाभा आणतं, विजेची ठिणगी पाडतं, काच वितळून एक होते. पडद्यावर आकडा येतो: ०.०२ डेसिबल. म्हणजे जोडात प्रकाशाचा अर्धा टक्काही गेला नाही. त्यावर संरक्षक नळी सरकवून तापवली की एक जोड झाला. जेसीबीच्या एका फटक्यानं ४८ तंतूंची केबल तुटली असेल, तर असं ४८ वेळा. मधला तुकडाच नवा घालावा लागला, तर ९६ वेळा.

त्याआधी तुटलं कुठे ते शोधावं लागतं. त्यासाठी ओटीडीआर नावाचं उपकरण आहे. ते तंतूत प्रकाशाचा क्षणिक झोत सोडतं आणि काचेतून मागे परतणारा कणभर उजेड किती वेळानं आला ते मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यावरून तुटीचं अंतर मिळतं, समजा ७,३०० मीटर. पण तंतूचे ७,३०० मीटर आणि रस्त्याचे ७,३०० मीटर सारखे नसतात. ठिकठिकाणच्या खड्ड्यांत पुढच्या दुरुस्तीसाठी केबलची वेटोळी राखून ठेवलेली असतात. कुठल्या खड्ड्यात किती वेटोळं आहे याची नोंद असेल, तर माणूस थेट जागेवर जातो. नोंद नसेल, तर लाखो रुपयांचं उपकरण हातात असूनही दिवसभर चर उकरत बसावं लागतं. मी उमेदीची वर्षं याच कामात काढली. जाळं चालतं की बंद पडतं हे अनेकदा अशा नोंदींच्या एका वहीवर ठरतं, हे मी ठामपणे सांगू शकतो.

घराघरांत काच न्यायची पद्धतही सुंदर आहे. प्रत्येक घरासाठी एक्स्चेंजपासून वेगळा तंतू ओढत नाहीत. एकच तंतू वस्तीपर्यंत आणतात आणि तिथे खांबावरच्या डबीत स्प्लिटर बसवतात. त्याला वीज लागत नाही; तो फक्त प्रकाश ३२ किंवा ६४ वाटांनी वाटतो. जीपॉन या प्रचलित पद्धतीत त्या तंतूतून सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट खाली येतात आणि सव्वा गिगाबिट वर जातात. खाली येणारी माहिती सगळ्यांच्या दारात जाते, पण कुलूपबंद असल्यानं ज्याची त्यालाच उघडता येते. वर जाताना मात्र सगळ्या घरांनी एकदम बोलून चालत नाही. म्हणून एक्स्चेंजमधलं यंत्र प्रत्येक घराचं अंतर मोजून त्याला बोलायची वेळ नेमून देतं, मायक्रोसेकंदांच्या हिशेबानं. बत्तीसच्या बत्तीस घरांनी एकाच क्षणी ओढ लावली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला पंचाहत्तर मेगाबिटांच्या आसपास येतात.

हीच मोजदाद हवेत करून पाहू. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी दाखवून दिलं की कुठल्याही मार्गाची क्षमता दोन गोष्टींवर ठरते: पट्टा किती रुंद आहे आणि खरखरीच्या तुलनेत संदेश किती जोरकस आहे. जोर वाढवून मिळणारा फायदा लवकरच थिटा पडतो. खरी वाढ पट्ट्याच्या रुंदीतून मिळते. मनोऱ्याच्या एका दिशेला २० मेगाहर्ट्झचा ४जी पट्टा आहे असं धरा. कोणी मनोऱ्याखाली, कोणी कडेला, अशी सरासरी काढली तर दर हर्ट्झमागे दीड ते दोन बिट पदरात पडतात. म्हणजे सगळे मिळून तीस ते चाळीस मेगाबिट. त्या दिशेला वसलेल्या दोनतीन गावांत मिळून! रात्री जेवणं झाल्यावर सातआठ घरांत स्वच्छ चित्राचा चित्रपट सुरू झाला की उरलेल्या गावाला गोल फिरणारं चक्र बघत बसावं लागतं. दांड्या मात्र पूर्ण दिसतात, कारण दांड्या संदेशाचा जोर सांगतात, गर्दी सांगत नाहीत. ‘रेंज फुल्ल आहे पण नेट चालत नाही’ ही खेड्यापाड्यांतली नेहमीची तक्रार पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनं अगदी रास्त आहे.

काचेत जागा कमी पडली तर शेजारी दुसरा तंतू टाकता येतो. हवा एकच आहे. म्हणून तिच्या पट्ट्यांसाठी २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी दीड लाख कोटी रुपये मोजायची तयारी दाखवली. त्यातही पट्ट्यापट्ट्याचा स्वभाव वेगळा. ७०० मेगाहर्ट्झची लहर ४३ सेंटिमीटर लांबीची. ती झाडीतून, भिंतीतून बरीचशी पार जाते आणि टेकडीला थोडी वळसा घालते. ५जीच्या मुख्य पट्ट्यातली लहर साडेआठ-नऊ सेंटिमीटरांची. तिला भिंत जड जाते. २६ गिगाहर्ट्झची लहर सेंटिमीटरभराचीच. तिथे पट्टा मुबलक, वेग प्रचंड, पण झाडाचा पालासुद्धा आडवा येतो, आणि आडव्यातिडव्या कोसळणाऱ्या कोकणातल्या पावसात ती काही किलोमीटर टिकाव धरत नाही. या आखूड लहरींचं पहिलं काम आपल्याच देशात झालं याचा मला फार अभिमान वाटतो. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून दाखवल्या. त्या काळात त्यांनी ५ मिलिमीटरांपर्यंत आखूड लहरींवर प्रयोग केले. मोबाईलचं जग त्या पट्ट्याकडे शंभराहून जास्त वर्षांनी वळलं.

तेव्हा काच मुबलक पण खोदाई महाग. हवा झटपट पण तुटपुंजी. शहाणपणाची वाटणी त्यातून आपोआप निघते. जिथवर नेता येईल तिथवर काच न्यावी आणि हवेतली शेवटची उडी होता होईल तेवढी आखूड ठेवावी. अलीकडे घराच्या गच्चीवर छोटी पेटी बसवून ५जीवरून घराला नेट देतात. ती सोय उत्तमच आहे, पण ती ज्या मनोऱ्यावर अवलंबून असते तिथवर काच आलेली असेल तरच. देशातले निम्म्याहून अधिक मनोरे अगदी अलीकडेपर्यंत काचेशिवायच चालत होते.

ही वाटणी आपल्या लोकांनी फार पूर्वी ओळखली होती. १९९० च्या दशकात मद्रास आयआयटीत प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉरडेक्ट ही यंत्रणा घडवली: गावाजवळ छोटा मनोरा, घराच्या भिंतीवर डबा, त्यावर फोन आणि ३५ किंवा ७० किलोबिटचं नेट दोन्ही एकदम. स्वस्तात जोडणी देणं हा तिचा हेतू. वेगाच्या शर्यतीत ती मागे पडली, पण आपल्या खेड्याला काय परवडतं इथून आखणी सुरू करायची, ही तिची रीत मला अजूनही अनुकरणीय वाटते.

महाराष्ट्रातला एक अनुभव वारणानगरचा. १९९८ मध्ये वारणा सहकारी समूहाच्या परिसरातल्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत संगणक केंद्रं जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. देशभर त्याची चर्चा झाली. शेतमालाचे भाव, शेतीचा सल्ला, सरकारी दाखले असं सगळं त्या संगणकातून मिळावं अशी अपेक्षा होती. काही वर्षांनी संशोधकांनी पाहणी केली तेव्हा दिसलं की केंद्रं चालत होती ती मुख्यतः उसाच्या हिशेबासाठी: कुणाचा किती ऊस गेला, खत किती उचललं, खात्यावर किती जमा. एवढ्या कामाला जड संगणक आणि रडतखडत चालणारी जोडणी कशाला, म्हणून २००७ च्या सुमारास काही गावांत तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिलं. ते जमलं, स्वस्तही पडलं आणि शेतकऱ्यांना पसंत पडलं. याकडे प्रकल्प फसला म्हणून बोट दाखवणारे आहेत. मला ते पटत नाही. उसाचा हिशेब शेतकऱ्याला गावातच हवा होता, तो मिळाला. लोकांना नेमकं काय हवंय ते जोडणी दिल्यावरच कळतं, आणि त्याप्रमाणे तंत्र बदलायची मोकळीक ठेवावी लागते.

दुसरा अनुभव पालघर जिल्ह्यातला. मुंबई आयआयटीचे प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या गटानं ‘ग्राममार्ग’ या प्रकल्पात दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची तपासणी केली. आपल्याकडे जमिनीवरून प्रक्षेपण करणारी वाहिनी एकटी दूरदर्शन, त्यामुळे त्या पट्ट्यातल्या पंधरा वाहिन्यांच्या जागेपैकी बहुतांश जागा देशात बहुतेक ठिकाणी रिकामीच पडलेली आढळली. लहर लांब, झाडीतून पार होणारी. पालघरच्या टेकड्यांना अगदी जुळणारी. प्रयोगापुरता परवाना घेऊन त्यांनी खामलोली आणि आसपासच्या गावांना त्या पट्ट्यावरून जोडलं, पुढे विनापरवाना वापरता येणाऱ्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरून आणखी गावं घेतली. यंत्रणा सांभाळण्यात ग्रामपंचायतीला भागीदार केलं आणि गावातल्याच तरुणांच्या हाती देखभाल दिली. या कामाला २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. तो रिकामा पट्टा मात्र सर्वसाधारण वापरासाठी खुला झाला नाही. मला याची खंत वाटते. ज्या वर्षी आपल्याकडे इंटरनेट आलं, त्याच १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं स्पष्ट केलं होतं. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवान्यातून मोकळा केला आणि त्यावर घराघरांतली, रेल्वे स्थानकांवरची केवढी सेवा उभी राहिली हे आपण पाहिलं आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला फलाटावर फुकट वाय-फाय सुरू झालं तेव्हा तिथे बसून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं दिसू लागली. मोकळी हवा गरिबाच्या कामी येते.

आता ज्या टोकाबद्दल मी सुरुवातीला बोललो, तिथे येतो. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काच नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिलाच भारतनेट म्हणू लागले. डिसेंबर २०१७ पर्यंत एक लाख ग्रामपंचायती जोडल्याचं जाहीर झालं. आपल्या राज्यातल्या सत्तावीस हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी त्याच्या जोडीला महानेट आलं. एवढी खोदाई, एवढी काच, हे लहान काम नव्हे. ते करणाऱ्या हातांना मी मनापासून नमस्कार करतो. पण अनेक ग्रामपंचायतींत ती जोडणी चालू राहिली नाही, आणि संसदेच्या स्थायी समितीनंही त्यावर बोट ठेवलं.

पहिलं कारण आखणीत होतं. तालुक्यापासून निघालेली केबल एकामागून एक गावं घेत सरळ पुढे जाई. कालव्याच्या शेपटाला जमीन असलेल्या शेतकऱ्याचं जे होतं, तेच शेवटच्या गावांचं झालं: वर कुठेही फुटलं की खाली कोरडं.

दुसरं कारण विजेचं, आणि त्याचा विचार फार कमी लोक करतात. जुना टेलिफोन वीज गेली तरी चालत असे, कारण एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या त्याच तांब्यातून ४८ व्होल्ट पाठवत. काच वीज वाहत नाही. ग्रामपंचायतीच्या खोलीतली पेटी गावच्या विजेवर चालते. भारनियमन झालं, डीपी जळाला किंवा पंचायतीचं वीजबिल थकलं की पेटी बंद. खोलीला कुलूप असेल तर ती बंद आहे हेही कुणाला कळत नाही.

तिसरं कारण असं की ग्रामपंचायत म्हणजे गाव नव्हे. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीत एका ग्रामपंचायतीखाली टेकड्यांवर विखुरलेले कितीतरी पाडे असतात. काच येते ती पंचायतीच्या भिंतीपर्यंत. पाड्यावरच्या आजीला रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटवायचा असतो, शेतकऱ्याला ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहूनच काढायचा असतो, मुलीला शिष्यवृत्तीचा फॉर्म शेवटच्या तारखेच्या आत भरायचा असतो. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीनं रेंजसाठी डोंगरावर झोपडी घालून अभ्यास केला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलं. तिच्या जिद्दीचं कौतुक सगळ्यांनी केलं. तिला डोंगर चढावा लागला याची लाज मात्र आपल्याला पुरेशी वाटली नाही.

अगदी दुर्गम पाड्यांसाठी आता कमी उंचीवरचे उपग्रह येत आहेत. जुने संचार उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरांवर, त्यामुळे प्रश्न पाठवून उत्तर यायला अर्धा सेकंद जाई. हे नवे ५५० किलोमीटरांच्या आसपास फिरतात आणि तो विलंब जाणवत नाही. अशी सेवा देणाऱ्या स्टारलिंकला २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला. सातपुड्याच्या कपारीतल्या शाळेला, आरोग्य उपकेंद्राला याचा उपयोग जरूर व्हावा. दाट वस्तीला मात्र तो पुरणार नाही, कारण तीही शेवटी वाटून घ्यायची हवाच आहे.

टोकाची देखभाल कशी असते हे शिकायचं तर तालुक्याच्या गावातल्या केबलवाल्याकडे पाहावं. नव्वदीत त्यानं टीव्हीसाठी गच्च्यागच्च्यांवरून तार ओढली, आणि पुढे त्याच वाटेनं काच नेली. त्याचं काम नेहमी नेटकं नसतं. खांबांवरचं जंजाळ डोळ्यांना खुपतं. पण जोडणी बंद पडली तर गिऱ्हाईक थेट त्याच्या मोबाईलवर फोन करतं आणि संध्याकाळपर्यंत शिडी घेऊन पोरगा दारात उभा राहतो, कारण महिन्याचे पैसे गोळा करायला त्याच दारात यायचं असतं. निमशहरी महाराष्ट्रात घराघरांत काच पोचवण्याचं मोठं श्रेय मी या माणसांना देतो. सरकारी जाळ्याला काच मिळाली, यंत्रं मिळाली, निधी मिळाला. दारात उभा राहणारा हा माणूस मिळाला नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेटचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, १,३९,५७९ कोटी रुपयांचा. त्यात केबल सरळ न नेता वलयात फिरवायची आहे, म्हणजे एका बाजूनं तुटली तरी दुसऱ्या बाजूनं माहिती पोचेल. बांधणाऱ्यानंच दहा वर्षं देखभाल करायची अट आहे, बॅटरीची सोय आहे, तुटलेली जागा दुरून ओळखणारी यंत्रणा आहे, आणि गावातल्या उद्योजकांच्या मदतीनं घरोघरी जोडण्या द्यायच्या आहेत. वर सांगितलेल्या बऱ्याच दुखण्यांवर कागदोपत्री इलाज आहे, आणि तो अंमलात यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण पंचायतीपासून पाड्यापर्यंतची वाट आजही प्रत्येक गावाला स्वतःच शोधावी लागणार आहे.

त्यासाठी ग्रामसभेत विचारायच्या काही गोष्टी इथे सांगून ठेवतो, कारण या सभागृहात सरपंच आणि ग्रामसेवक मंडळीही बसली आहेत. पंचायतीतल्या पेटीला बॅटरी कोणती, किती तास चालते, ती शेवटची कधी बदलली? त्या खोलीची किल्ली कुणाकडे? केबलीत आपल्या गावाच्या वाट्याला किती तंतू आले आणि त्यांतले किती पडून आहेत? ते पडलेले तंतू शाळेला, उपकेंद्राला, पाड्याच्या टेकडीवर उभ्या करायच्या वाय-फायच्या खांबाला देता येतील का? तक्रार आली तर शिडी घेऊन येणारा माणूस गावातला आहे का, आणि त्याला महिन्याला पैसे कुठून मिळतात?

खोदाईबद्दलही एक सांगायचं आहे. काच टाकण्याच्या खर्चात काच फार थोडी असते. बराचसा पैसा चर खणण्यात आणि बुजवण्यात जातो. मग पाणीपुरवठ्याची लाइन येते आणि तोच चर पुन्हा उकरला जातो, केबल तुटते, चार गावं बंद पडतात. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप सुरू केलं. खणण्याआधी त्यावर नोंद केली की त्या जमिनीखाली ज्यांच्या तारा आहेत त्यांना कळतं. जेसीबी ठरवताना ठेकेदाराकडून ही नोंद करून घ्यावी. आणि गावाचा रस्ता, मग तो पाड्याला जाणारा का असेना, जेव्हा मंजूर होईल तेव्हा त्याच्या अंदाजपत्रकात कडेनं एक रिकामा पाईप पुरण्याची तरतूद करून घ्यावी, दर दोनतीनशे मीटरांवर झाकणाचा खड्डा ठेवावा आणि त्याचा नकाशा पंचायतीच्या दप्तरात लावावा. काच त्या पाईपातून उद्या, परवा, पाच वर्षांनी, ज्याला जेव्हा नेता येईल तेव्हा नेता येते, रस्ता न फोडता.